कंटेनरमधला टॉरेंट क्लायंट: आतले आणि बाहेरचे जुळवताना

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. बडोद्यातील आपल्या मराठी मंडळाकडे व्याख्यानमालेची जुनी ध्वनिमुद्रणे आणि मंडळाच्या अंकांची स्कॅन केलेली पाने मिळून सुमारे ३४० जीबी साठा आहे. तो इंदूर आणि ग्वाल्हेर येथील स्नेही मंडळांना टॉरेंटद्वारे (फाइल तुकड्यातुकड्यांनी थेट एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवण्याची पद्धत) द्यावा, या हेतूने आपण ४ जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावर उबुंटू लिनक्स बसवले, २ टीबीची यूएसबी डिस्क जोडली आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम बाकीच्या संगणकापासून वेगळा ठेवणाऱ्या बंदिस्त कप्प्यात, क्यूबिटटॉरेंट हा टॉरेंट क्लायंट (टॉरेंट देणारा-घेणारा प्रोग्राम) सुरू केला. त्याचे वेबवरचे पान उघडते. परंतु जुन्या लेखांत दिलेला पासवर्ड चालत नाही, फाइल लिहिताना परवानगी नाकारली जाते, बाहेरून कोणी जोडले जात नाही, आणि परवा वीज गेल्यानंतर सगळी टॉरेंट ‘फाइल सापडत नाही’ असे दाखवू लागली. मी याच शहरात गेली अनेक वर्षे सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो आणि अशी मांडणी माझ्या घरीही चालू आहे, म्हणून अनुभवाच्या आधारे लिहितो.

पासवर्डचा प्रश्न एका ओळीत सुटणारा आहे. क्यूबिटटॉरेंटने ४.६.१ या आवृत्तीपासून ठरावीक पासवर्ड देणे बंद केले. आता आपण स्वतःचा पासवर्ड ठरवेपर्यंत प्रत्येक वेळी सुरू होताना तो एक तात्पुरता पासवर्ड तयार करतो आणि कंटेनरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) छापतो. लॉग पाहावा, त्याने आत जावे आणि लगेच स्वतःचा पासवर्ड ठेवावा.

बाकीच्या तिन्ही तक्रारी वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक गोष्ट दोन नावांनी असते, एक आतले आणि एक बाहेरचे. फोल्डर आत ‘डाउनलोड्स’ असतो, तोच बाहेर यूएसबी डिस्कवरचा एखादा कप्पा असतो. वापरकर्ता आत एक असतो, बाहेर दुसरा. पोर्टचा, म्हणजे नेटवर्कची जोडणी ज्या क्रमांकाच्या दारातून येते त्याचा, आकडाही दोन्हीकडे वेगवेगळा असू शकतो. क्लायंटला बाहेरचे काहीच दिसत नाही आणि तो जे आत पाहतो तेच खरे मानून चालतो. त्यामुळे दोष बहुतेक वेळा क्लायंटमध्ये नसतो, या आत-बाहेरच्या सांध्यात असतो, आणि शोधही तिथेच घ्यावा लागतो.

सर्वांत आधी डिस्क, कारण तिथे चुकले तर साठाच हातचा जाऊ शकतो. परवा काय घडले असावे, याचा अंदाज मला माझ्याच अनुभवावरून येतो. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात रात्री आमच्याकडची वीज गेली आणि थोड्या वेळाने परत आली. संगणक आपोआप सुरू झाला, डॉकर सुरू झाला, कंटेनरही सुरू झाला. पण यूएसबी डिस्क जागी व्हायला काही सेकंद जास्त लागले. ती जिथे माउंट व्हायची, म्हणजे ज्या फोल्डरच्या जागी जोडली जायची, तो फोल्डर त्या क्षणी रिकामा होता, आणि कंटेनरने तो रिकामा फोल्डरच आपल्या ताब्यात घेतला. नंतर डिस्क माउंट झाली, मला बाहेरून सगळ्या फाइल दिसू लागल्या, पण कंटेनर मात्र खालचा रिकामा फोल्डरच पाहत राहिला, कारण कंटेनर सुरू झाल्यानंतर बाहेर झालेले माउंट त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. काही टॉरेंट ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबली आणि जी नवीन होती ती सिस्टमच्या छोट्या डिस्कवर उतरू लागली. सकाळी ती डिस्क काठोकाठ भरलेली होती. ‘डीएफ’ कमांड डिस्क भरल्याचे सांगत होती, पण फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला त्या फाइल कुठेच सापडत नव्हत्या, कारण त्या माउंट झालेल्या डिस्कच्या खाली दडल्या होत्या. डिस्क अनमाउंट केल्यावर त्या समोर आल्या. हे कळेपर्यंत माझा अख्खा रविवार गेला.

म्हणून आपण आज करायचे ते असे. कंटेनर थांबवा. टॉरेंटच्या यादीतले काहीही काढून टाकू नका आणि ‘पुन्हा डाउनलोड’ तर मुळीच करू नका. डिस्क माउंट झाल्याची खात्री करा, कंटेनर पुन्हा सुरू करा आणि प्रत्येक टॉरेंटवर पुनर्तपासणीचा आदेश द्या. ३४० जीबी पूर्ण वाचायला, सेकंदाला १०० एमबी देणाऱ्या डिस्कवर सुमारे एक तास लागेल. डिस्क जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावलेली असेल तर तीन तासांहून अधिक. तेवढा वेळ द्यावा, मध्ये बंद करू नये.

असे पुन्हा होऊ नये यासाठी तीन गोष्टी कराव्यात आणि तिन्ही कराव्यात. पहिली, ‘एफएसटॅब’ या माउंट करायच्या डिस्कच्या यादीत डिस्कची नोंद तिच्या यूयूआयडीने (ठरलेल्या ओळख-क्रमांकाने) करावी, ‘एसडीबी१’ अशा नावाने करू नये, कारण दुसरी पेनड्राइव्ह लावलेली असताना संगणक सुरू झाला की ती नावे बदलू शकतात. दुसरी, सिस्टमडी, म्हणजे संगणक सुरू होताना सेवा चालू करणारी व्यवस्था, हिच्यातील डॉकरच्या सेवेला ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही अट घालावी, म्हणजे डिस्क माउंट झाल्याशिवाय डॉकर सुरूच होणार नाही. आपल्या संगणकावर दुसरे काही चालत नसल्याने या अटीचा त्रास नाही. तिसरी युक्ती जुनी आहे, पण मला ती सर्वांत भरवशाची वाटते: डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘चॅटर’ कमांडने ‘इम्युटेबल’ (बदलता न येणारा) अशी खूण करून ठेवावी. मग डिस्क नसताना तिथे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही काही लिहिता येत नाही, आणि डिस्क वर माउंट झाल्यावर त्या खुणेचा काही अडथळा होत नाही.

याच ठिकाणी आपल्या परवानगीच्या तक्रारीचेही एक कारण दडलेले आहे. कंपोझ फाइलमध्ये, म्हणजे कंटेनरची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये, फोल्डरची जोडी आखूड पद्धतीने, म्हणजे मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे देऊन लिहिली आणि बाहेरचा फोल्डर अस्तित्वात नसला, तर डॉकर काही न बोलता तो स्वतः तयार करतो आणि त्याची मालकी रूटकडे ठेवतो. क्लायंट मात्र साध्या वापरकर्त्याच्या हक्काने चालत असतो, त्यामुळे त्याला तिथे लिहिता येत नाही. हीच जोडी लांब पद्धतीने, ‘टाइप’, ‘सोर्स’, ‘टार्गेट’ असे वेगळे लिहून आणि ‘क्रिएट होस्ट पाथ’ला नकार देऊन मांडली, तर फोल्डर नसताना डॉकर चूक दाखवून थांबतो. चूक लगेच दिसणे हे चूक लपण्यापेक्षा केव्हाही बरे.

मालकीबद्दल आणखी एक मुद्दा. लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेला वापरकर्त्याचे नाव कळत नाही, आकडा कळतो. लिनक्ससर्व्हर या गटाची इमेज (कंटेनर ज्यातून तयार होतो तो साचा) वापरत असाल तर पीयूआयडी आणि पीजीआयडी या दोन चलांत जो आकडा द्याल, त्या आकड्याच्या हक्काने क्लायंट चालतो. बहुतेक नमुन्यांत तिथे १००० लिहिलेले असते आणि लोक ते तसेच उतरवून घेतात. उबुंटूवर पहिला वापरकर्ता १००० असतो हे खरे. पण मंडळाच्या कामासाठी नंतर वेगळा वापरकर्ता केला असेल तर त्याचा आकडा बहुधा १००१ असेल. ‘आयडी’ ही कमांड चालवून खरा आकडा पाहावा, तोच चलात लिहावा आणि फोल्डरची मालकीही त्याच आकड्याला द्यावी. डिस्क पूर्वी विंडोजवर वापरलेली, म्हणजे एनटीएफएस स्वरूपाची असेल, तर मालकी कमांडने बदलेलच असे नाही. तिथे माउंट करतानाच आकडा द्यावा लागतो. साठ्याची दुसरी प्रत सुरक्षित असेल तर डिस्क ‘ईएक्सटी४’ स्वरूपात नव्याने तयार करणे मला अधिक योग्य वाटते.

मंडळाचा मूळ साठा आणि डाउनलोडचा फोल्डर मात्र एक करू नका. मूळ साठा कंटेनरला ‘केवळ वाचण्यासाठी’ जोडून द्यावा. वेबवरच्या पानात टॉरेंट काढताना ‘फाइलही पुसा’ असा एक चौकोन असतो, आणि मंडळात तीन-चार कार्यकर्ते ते पान वापरणार असतील तर कधीतरी कोणाच्या तरी हातून त्यावर खूण होणारच. केवळ वाचण्यासाठी जोडलेला साठा अशा वेळी पुसला जाऊ शकत नाही, आणि पूर्ण असलेल्या फाइल सीड करायला (इतरांना पुरवायला) लिहिण्याची गरजही नसते. शिवाय टॉरेंट तयार केल्यानंतर त्यातील फाइल एका बाइटनेही बदलून चालत नाही. कोणी उत्साहाने ध्वनिफितीच्या माहितीत वक्त्याचे नाव दुरुस्त केले, तरी तो तुकडा पुढच्या तपासणीत चुकीचा ठरतो. नावे, क्रम, शीर्षके यांची सगळी दुरुस्ती टॉरेंट करण्याआधी पुरी करावी. त्यासाठीच ३४० जीबीचे एकच टॉरेंट करण्यापेक्षा वर्षवार वेगळी टॉरेंट करावीत, म्हणजे १९८० च्या दशकातील एखादी फीत नव्याने सापडली तर एकाच वर्षाचे टॉरेंट पुन्हा करावे लागेल.

आता बाहेरून कोणी जोडले का जात नाही, याकडे येऊ. इथे दोन वेगळी पोर्ट आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. एक वेबवरच्या पानाचे, सहसा ८०८०. दुसरे इतर पीअर, म्हणजे टॉरेंटमध्ये सहभागी संगणक, ज्यावर येतात ते, मूळ मांडणीत ६८८१, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारच्या जोडण्यांसाठी. आपण कंपोझ फाइलमध्ये बाहेर ४९१६० आणि आत ६८८१ अशी जोडी केली आहे. ती वेबसर्व्हरला चालली असती, टॉरेंटला चालत नाही. क्लायंट ट्रॅकरला (पीअरचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला) आणि डीएचटीला (पीअरनी आपापसांत वाटून ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीला) आपला पत्ता कळवतो तेव्हा त्याला माहीत असलेला, म्हणजे आतला आकडा कळवतो. ग्वाल्हेरचा संगणक मग आपल्या ६८८१ वर दार ठोठावतो, आणि आपले दार आहे ४९१६० वर. म्हणून क्लायंटच्या सेटिंगमध्ये ४९१६० लिहावे आणि आत, बाहेर, राउटरवर सगळीकडे तोच आकडा ठेवावा. वेबच्या पानाचा आकडा बदलायचा असल्यास तोही आत-बाहेर सारखाच ठेवावा, नाहीतर क्लायंटची सुरक्षा-तपासणी ती विनंती परकी समजून नाकारू शकते.

क्लायंटमध्ये ‘यूपीएनपी’ची खूण आहे, त्यामुळे राउटर आपोआप वाट देईल, असे आपण लिहिले आहे. डॉकरच्या नेहमीच्या, ब्रिज नावाच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये ते घडत नाही. राउटर शोधण्यासाठी क्लायंट जी हाक मारतो ती ब्रिजच्या बाहेर जात नाही. राउटरमध्ये हाताने पोर्ट फॉरवर्ड करावे, म्हणजे त्या पोर्टवर येणारी जोडणी या संगणकाकडे वळवावी.

तेवढे करूनही क्लायंटच्या पानाच्या खालच्या पट्टीत ‘फायरवॉल्ड’ (दार बंद) असेच दिसत राहिले, तर राउटरच्या पानावर जाऊन त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. मग राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही, कारण कुलूप कंपनीच्या दाराला आहे. एखादे लोकप्रिय लिनक्स वितरण उतरवताना हे जाणवत नाही, कारण तिथे शेकडो पीअर असतात, त्यांतले कितीतरी उघड्या दाराचे असतात आणि आपण स्वतःहून त्यांच्याकडे जाऊ शकतो. आपल्या बाबतीत पीअर तीनच आहेत. बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर हे तिघेही बंद दारामागे असतील, तर तिघांना एकमेकांची नावे कळतील, पण कोणीच कोणाकडे जाऊ शकणार नाही आणि टक्केवारी शून्यावर थांबून राहील. किमान एका ठिकाणी उघडे दार हवेच, आणि ते मूळ साठा असलेल्या बडोद्याला असावे. त्यासाठी कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा, किंवा जोडणीत आयपीव्ही६ (इंटरनेट-पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर ते वापरावे. आयपीव्ही६ मध्ये पत्ते वाटून घेण्याची गरज नसते. मात्र राउटरची फायरवॉल आत येणारी जोडणी सहसा अडवते, तिथे परवानगी द्यावी लागते, आणि डॉकरच्या आपल्या नेटवर्कमध्येही आयपीव्ही६ मुद्दाम चालू करावे लागते. दुसऱ्या टोकालाही आयपीव्ही६ असणे अर्थातच आवश्यक आहे.

दार उघडे झाले की वेगाचे गणित सोपे आहे. अपलोड ५० एमबीपीएस असेल तर मर्यादा ४० वर ठेवा, म्हणजे मंडळातील इतरांचे इंटरनेट अडणार नाही. त्या वेगाने ३४० जीबी एकदा पाठवायला सुमारे १९ तास लागतील. पहिल्या पाठवणीपुरते ‘सुपर सीडिंग’ चालू करावे. त्यात इंदूरला एक तुकडा जातो, ग्वाल्हेरला दुसरा, आणि ते दोघे आपापसांत देवघेव करतात, त्यामुळे आपल्याला सगळा साठा दोनदा पाठवावा लागत नाही. अर्थात त्या दोघांपैकीही एकाचे दार उघडे असेल तरच. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानातून गावोगावी फिरत्या वाचनालयांच्या पेट्या जात असत. आपण जे करू पाहता आहात ते त्याच जातीचे काम आहे असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच ते नीट व्हावे ही तळमळ आहे.

दार उघडायचे ते फक्त पीअरच्या पोर्टचे. वेबवरच्या पानाचे पोर्ट राउटरवर कधीही उघडू नका. त्या पानात ‘टॉरेंट पूर्ण झाल्यावर हा प्रोग्राम चालवा’ अशी सोय आहे. म्हणजे ज्याच्या हाती पासवर्ड गेला, त्याला आपल्या कंटेनरमध्ये हवी ती कमांड चालवता येते. आपण उबुंटूच्या ‘यूएफडब्ल्यू’ फायरवॉलमध्ये ८०८० बंद केल्याचे लिहिले आहे, परंतु डॉकरने जाहीर केलेली पोर्ट त्या नियमांना वळसा घालून जातात, कारण डॉकर आपले वळण त्या नियमांच्या आधीच्या टप्प्यावर बसवतो. म्हणून कंपोझ फाइलमध्येच या पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहावे, म्हणजे ते त्या संगणकापुरतेच राहील, आणि दुसरीकडून वापरण्यासाठी एसएसएचचा बोगदा, म्हणजे त्या संगणकापर्यंतची सुरक्षित जोडणी, वापरावा. अशा मांडणीत क्लायंटला सगळे जण एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसू शकतात. पाच वेळा पासवर्ड चुकला की क्लायंट तो पत्ता तासभर बंद करतो, तेव्हा एकाच्या चुकीने सगळ्यांना दार बंद झाले तर घाबरू नये. कंटेनर पुन्हा सुरू केला की बंदी जाते. याच कारणाने ‘या पत्त्यांना पासवर्ड विचारू नका’ या यादीत डॉकरच्या नेटवर्कचा पत्ता घालू नका.

काही किरकोळ गोष्टी. डॉकर कंटेनर थांबवताना १० सेकंद वाट पाहतो आणि मग तो जबरदस्तीने बंद करतो. तेवढ्यात क्लायंटला आपली प्रगती लिहून होईलच असे नाही, म्हणून ही मुदत ६० सेकंद करावी. सेटिंगची फाइल हाताने बदलायची असेल तर कंटेनर आधी थांबवावा, नाहीतर बंद होताना क्लायंट तिच्यावर जुन्या नोंदी पुन्हा लिहितो. मेमरी पूर्ण वापरलेली दिसली तर लगेच चिंता नको, क्यूबिटटॉरेंट ज्याच्या आधारे चालतो त्या लिबटॉरेंटची २.० मालिका फाइल मेमरीत नकाशासारख्या जोडून वाचते आणि तो आकडा फुगलेला दिसतो. ४ जीबीच्या संगणकावर खरोखर संथपणा आला तर त्याच इमेजचा ‘लिबटॉरेंट व्ही१’ हा प्रकार घ्यावा. ‘कॉन्फिग’ फोल्डरची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. टॉरेंटची सगळी यादी त्यातच असते.

हक्कांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो टाळता येणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे भाषण करणाऱ्याचा असतो. ध्वनिमुद्रण मंडळाने केले म्हणून भाषण मंडळाचे होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत तो हक्क टिकतो. ज्या वक्त्यांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती आहे, तेवढीच वर्षे पहिल्या टप्प्यात घ्यावीत, कारण एकदा वाटले गेलेले टॉरेंट परत घेता येत नाही.

हे सगळे बसवल्यावर साठा लगेच जोडू नका. एखाद्या व्याख्यानाचे छोटे टॉरेंट करून ते ग्वाल्हेरला पाठवा आणि तिकडे शंभर टक्के झाल्याचे पाहा. मग संगणक बंद करा, यूएसबी डिस्क काढून ठेवा आणि संगणक तसाच सुरू करा. कंटेनर सुरू झाला, तर वरची अट कुठेतरी नीट बसलेली नाही; ती पुन्हा तपासा. कंटेनर सुरू झाला नाही, तर डिस्क लावा, संगणक पुन्हा सुरू करा आणि पहिल्या वर्षाचे टॉरेंट तयार करायला घ्या.